रस्त्याला रस्ताच राहू द्या

फ्रान्समध्ये नॉर्मंडीतील तुरूव्र-ओ-पेर्श गावाजवळचा सौररस्ता, म्हणजे पृष्ठभागावर सौरपॅनेल बसवलेला रस्ता, फसला, हे तो बांधणाऱ्या कोलास कंपनीनेच २०१९ मध्ये मान्य केले. लांब पल्ल्याच्या रहदारीसाठी हे तंत्र तयार नाही, अशी कबुली कंपनीने दिली आणि ती ‘ल माँद’ या फ्रेंच वृत्तपत्राने त्याच वर्षी छापली. उखडलेले सांधे, निघालेले तुकडे आणि पॅनेलवर कुजलेला पालापाचोळा अशी त्या रस्त्याची तेव्हाची अवस्था होती. एक किलोमीटर रस्त्यासाठी ५० लाख युरो, म्हणजे २०१९ च्या दराने जवळपास ३९ कोटी रुपये मोजले गेले. हा जनतेचा पैसा होता. तो वाया जाणार, हे पहिला तुकडा चिकटवण्यापूर्वीच सांगता येण्यासारखे होते. म्हणूनच या अपयशाला दुर्दैव म्हणणे आम्हाला मान्य नाही.

आकडेच पाहा. या रस्त्याची क्षमता ४२० किलोवॉट. २०१७ मध्ये त्याने सुमारे दीड लाख युनिट वीज दिली. अपेक्षा याच्या जवळपास दुप्पट होती. २०१८ मध्ये वीज ७८ हजार युनिटांवर आली. २०१९ च्या पहिल्या सात महिन्यांत जेमतेम ३८ हजार. म्हणजे २०१८ मध्ये किलोवॉटमागे वर्षभरात दोनशे युनिटही हाती आले नाहीत. उत्तर फ्रान्समध्येच साध्या छपरावर बसवलेले पॅनेल याच्या चौपटीहून अधिक वीज देते. बोर्दोजवळच्या सेस्तास येथे २०१५ मध्ये मोकळ्या जागेवर ३०० मेगावॉटचा प्रकल्प ३६ कोटी युरोंत उभा राहिला. वॉटमागचा खर्च काढला तर रस्त्यातली क्षमता दहापट महाग पडली. दहापट खर्च आणि वीज चौथा हिस्साही नाही, एवढे कळल्यावर आणखी कोणता अहवाल हवा?

हे असे का झाले, याचे उत्तर सौरपॅनेल बसवणारा कोणताही कारागीर देईल. पॅनेल सूर्याकडे कलते ठेवावे लागते. रस्त्यात ते आडवे पडते. छपरावरच्या कलत्या पॅनेलवरची धूळ पावसात बरीचशी धुऊन जाते, रस्त्यातल्या पॅनेलवर तिचा थर बसतो. छपरावर पॅनेलच्या खालून वारा खेळतो. रस्त्यात त्याला हवा लागत नाही, ते तापते, आणि तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे सिलिकॉनची क्षमता सुमारे ०.४ टक्क्याने घटते. पॅनेलमधील सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एकावर सावली पडली तरी ती अख्खी ओळ मंदावते. आणि रस्त्यावर सावली तर वाहनांबरोबर सतत फिरतच असते. चाके घसरू नयेत म्हणून वर खरखरीत थर द्यावा लागतो, आणि तो जितका जाड तितका आत पोहोचणारा प्रकाश कमी. थर पातळ ठेवावा तर पॅनेल फुटते. तुरूव्रला ट्रॅक्टरच्या चाकांखाली तेच झाले. शिवाय चाकांचा आवाज इतका वाढला की वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटरवर आणावी लागली. २०१८ च्या मे महिन्यात सुमारे शंभर मीटरचा पट्टा दुरुस्तीपलीकडे गेल्याने काढून टाकावा लागला.

प्रयोग फसतातच, असे यावर सांगितले जाईल. प्रयोगाला आमची हरकत नाही. पण इथे घोषणा आधी झाली आणि चाचणी नंतर. पाच वर्षांत एक हजार किलोमीटर सौररस्ते बांधण्याचे फ्रान्सच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री सेगोलेन रॉयाल यांनी २०१६ च्या जानेवारीत जाहीर केले. तुरूव्रच्या पहिल्या किलोमीटरचे उद्घाटन झाले त्याच वर्षाच्या २२ डिसेंबरला. फ्रान्सबाहेरही वेगळे घडले नाही. अमेरिकेत आयडाहोतील सँडपॉइंटच्या चौकात तीस पॅनेल बसवली गेली, त्यांतली बहुतेक सुरुवातीलाच बंद पडली. तिथे तर वाहनेही नव्हती, फक्त पादचारी होते. चीनमध्ये जिनान येथे २०१७ च्या डिसेंबरअखेर सौररस्ता सुरू झाला आणि आठवडाभरात त्यातला एक तुकडा चोरीस गेला. तीन देश, तीन वेगवेगळ्या कंपन्या, आणि चूक एकच: रस्त्यात पॅनेल घालणे.

हे सारे आपल्या वाचकांना सांगण्याचे कारण आहे. अशा रस्त्यांच्या चित्रफिती आपल्याकडेही मोबाइलवर फिरतात आणि मग ‘आपल्याकडे हे का नाही’ असा सवाल विचारला जातो. आपल्याकडे हे नसावे. विदर्भात मे महिन्यात डांबर साठ अंशांच्या पुढे तापते, ऊसतोडीच्या दिवसांत ओव्हरलोड ट्रॉल्या चिखलाची चाके घेऊन रस्त्यावर येतात, आणि शहरात आज केलेला रस्ता उद्या पाण्याच्या वाहिनीसाठी खोदला जातो. एका पावसाळ्यात खड्ड्यांनी चाळण होणारे रस्ते आधी नीट करा. वाहनचालकाला रस्त्याकडून वीज नको आहे. त्याला घरी सुखरूप पोहोचायचे आहे.

जागा कमी आहे, हा युक्तिवादही टिकत नाही. कोचीन विमानतळाने २०१५ मध्ये १२ मेगावॉटचा प्रकल्प मोकळ्या जमिनीवर उभारून आपली विजेची गरज भागवली. पॅनेलसाठी धावपट्टीला हात लावला नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील चंद्रासणला २०१२ पासून नर्मदेच्या कालव्याच्या ७५० मीटर पट्ट्यावर एक मेगावॉटचे छप्पर आहे, आणि त्याने पाण्याचे बाष्पीभवनही कमी होते. शाळा, एसटी आगार, बाजार समित्या, गोदामे यांची छपरे रिकामी पडली आहेत. २०२२ पर्यंतच्या एक लाख मेगावॉट सौरऊर्जेच्या उद्दिष्टापैकी ४० हजार मेगावॉट छपरांवर व्हायचे होते, आणि नेमके तेच काम सर्वांत मागे राहिले. छपरावर पॅनेल बसवायला निघालेल्या माणसाला नेट मीटरसाठी हेलपाटे घालावे लागतात. ते थांबवायला कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.

महाराष्ट्रात तर सौरऊर्जेचा प्रश्न थेट शेतकऱ्याच्या जिवाशी जोडलेला आहे. बऱ्याच कृषिपंपांना आठवड्यातले काही दिवस रात्रीच वीज मिळते. जानेवारीच्या थंडीत, मध्यरात्री, बॅटरीच्या उजेडात माणूस बारे द्यायला शेतात उतरतो. साप-विंचवाचे भय असते, आणि जुन्नर-नाशिक पट्ट्यात बिबट्याचेही. दिवसा वीज मिळाली तर हे संकट टळते, आणि दिवसाची वीज सूर्य देतोच आहे. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २०१७ मध्ये त्यासाठीच आली. वीज उपकेंद्राजवळच्या पडीक जमिनीवर पॅनेल आणि तिथून थेट कृषिवाहिनीला वीज, इतकी ती सरळ आहे. पण पहिली काही वर्षे तिचा वेग गोगलगायीचा होता.

सौरऊर्जेवर आमचा विश्वास आहे, म्हणूनच तिच्या नावाने होणारी ही उधळपट्टी खपवून घेता कामा नये. फसलेला प्रत्येक दिखाऊ प्रकल्प सौरऊर्जेच्या विरोधकांच्या हाती कोलीत देतो. सरकारी तिजोरीतला सौरऊर्जेचा प्रत्येक रुपया आधी छपरांवर, कालव्यांवर आणि कृषिवाहिन्यांवर खर्च झाला पाहिजे. रस्त्यात पॅनेल घालण्याचा प्रस्ताव कोणी मंत्रालयात घेऊन आलाच, तर त्याच्यासमोर तुरूव्रचे आकडे ठेवावेत आणि फाइल तिथेच बंद करावी.