पाचवं पातं

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. मी आंघोळीला गेलो तो पाऊण तास झाला तरी बाहेर येईना, म्हणून बायकोने दार वाजवलं. दार उघडलं तेव्हा माझ्या डोक्याला टॉवेलचं मुंडासं होतं आणि मुंडाशाच्या मागच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढा लाल डाग. एरवी ती पोट धरून हसली असती. त्या दिवशी हसली नाही. "किती वेळ झाला?" एवढंच विचारलं. वीस मिनिटं झाली होती. डोक्याच्या मागे जो हाडाचा उंचवटा असतो ना, त्याच्या बरोबर खाली एक बारीकसा चरा गेला होता आणि तो काही केल्या थांबत नव्हता. तुरटीचा अख्खा खडा दाबून झाला होता.

दोन वर्षांपूर्वी माझी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. (रक्त पातळबितळ काही होत नाही म्हणे, गाठ धरायची त्याची सवय तेवढी मोडते.) डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या मुळातच दाट, जरासं खरचटलं तरी रक्त भळाभळा येतं, त्यात या गोळ्या. म्हणजे डोकं भादरायला किती पात्यांचा रेझर चांगला, हा जो चहाच्या टपरीवर चघळायचा विषय, तो आमच्या घरी जरा गंभीर आहे.

आधी थोडं मागचं सांगतो. माझं टक्कल पस्तिशीतलं. पुढची दहा वर्षं मी ते लपवण्यात घालवली. डाव्या कानावरचे केस लांब वाढवायचे आणि तेल लावून उजवीकडे चिकटवायचे. स्कूटरवर बसलं की तो पडदा झेंड्यासारखा उभा राहायचा. मग २०१६ मध्ये वडील गेले. दहाव्याला नाशिकला रामकुंडावर मुंडण केलं. तिथे जे नाभिक बसले होते त्यांनी साबण नाही, फेस नाही, नुसतं गोदावरीचं पाणी डोक्यावर जिरवलं. बोटांनी चांगलं चोळचोळून जिरवलं. मग पातं मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवलं, डाव्या हाताच्या अंगठ्याने कातडी ताणली आणि चार-पाच मिनिटांत डोकं चकोट. एक ओरखडा नाही. मला त्या वेळी रडू येत होतं, मान हलत होती, तरी नाही.

घरी येऊन आरशात पाहिलं तर वाटलं, अरे, हे बरं दिसतंय की! वडिलांच्या दहाव्याच्या दिवशी असं वाटलं याची लाज वाटली, पण वाटलं खरं. तेव्हापासून डोक्यावर केस ठेवले नाहीत.

तर गोष्ट इथे सुरू होते. त्या नाभिकांकडे एक पातं होतं, तेही अर्धं. मी नंतरच्या वर्षांत एक, दोन, तीन आणि पाच अशी चढती भाजणी करून पाहिली आणि आज रामकुंडाइतकं स्वच्छ डोकं माझ्या हातून एकदाही झालेलं नाही.

जास्त पात्यांचा इतिहास गमतीचा आहे. जिलेटने दोन पात्यांचा रेझर आणला तो १९७१ मध्ये. १९७५ साली अमेरिकेत 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' हा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्याच भागात तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात दाखवली होती. विनोद असा, की लोक कशावरही विश्वास ठेवतात. १९९८ मध्ये मॅक-थ्री आला आणि तो विनोद दुकानात विकायला ठेवला गेला. २००३ मध्ये शिकचा चार पात्यांचा आला. २००४ मध्ये 'द अनियन' या टवाळ अमेरिकन वृत्तपत्राने लिहिलं की आता खड्ड्यात गेलं सगळं, आम्ही पाच पाती लावणार. २००६ मध्ये फ्यूजन आला. पाच पाती! शिवाय मागच्या बाजूला एक सुटं, ते सहावं. आपल्याकडे टवाळी केली की लोक चिडतात. तिकडे ती उत्पादनाला घेतात.

आणि याच कंपनीने २०१० साली भारतासाठी काय आणलं? जिलेट गार्ड. पातं एक. रेझर पंधरा रुपये, पातं पाच रुपये. त्यामागची कहाणी मला फार आवडते. त्याआधी भारतासाठी म्हणून केलेला एक रेझर त्यांनी अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर तपासून पाहिला होता. मुलांना आवडला. इथे आणला तर चालेना. कारण ती मुलं वाहत्या नळाखाली दाढी करत होती आणि इथला गिऱ्हाईक पेलाभर पाण्यात. नळाच्या धारेशिवाय पात्यांच्या फटीत अडकलेले केस निघतच नव्हते. जास्त पात्यांचं खरं दुखणं हेच. माझ्यासारखा माणूस आठवड्याने डोकं करतो. आठवड्याचे खुंट आणि पाच पाती म्हणजे कंगव्यात गुंता. दोन हात फिरवले की फट भरली, पुढचे चार हात नुसती घासाघीस. रेझर बेसिनवर आपटायचा, धुवायचा, पुन्हा दोन हात. आमच्याकडे सकाळी पाणी तासभरच येतं. ते सगळं एका डोक्यावर जातं हे बायकोचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

आता जाहिरातीत जे सांगतात ते खोटं असतं का? तसंही नाही. पहिलं पातं केसाला धरून जरा वर ओढतं, तो परत आत जायच्या आत मागचं पातं त्याला आणखी खाली कापतं. म्हणून गाल लोण्यासारखा लागतो. पण केस कातडीच्या पातळीखाली कापला गेला की पुन्हा उगवताना त्याला वाट शोधावी लागते, आणि कुरळा असेल तर तो वाट चुकून आतच वळतो. मानेवर जिथे शर्टाची कॉलर घासते तिथे मला पाच पात्यांनी जे काही दिलं त्याला आमची आजी केसतोड म्हणायची. एकावर एक पुटकुळ्या. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "किती ब्लेडचा वापरता?" पाच म्हटल्यावर ते औषधाची चिठ्ठी लिहायला लागले आणि लिहितालिहिता म्हणाले, "कमी करा. आणि उलटा हात मारू नका."

उलटा हात मारू नका हे गालावर सोपं आहे. डोक्यावर सुलटा हात कोणता? डोक्याला भोवरा असतो! केस गोल फिरत जातात. (दोन भोवरे असले की दोन लग्नं, असं ऐकत आपण मोठे झालो. माझा एकच आहे, तोही आता फक्त बोटांना कळतो.) भोवऱ्यापासून कपाळाकडे पुढे, मागे मानेकडे खाली, कानांकडे तिरका, आणि मानेच्या खळगीत काही केस चक्क वर चढतात. हा नकाशा ज्याचा त्याने चार दिवसांचे खुंट असताना बोटांनी चाचपून पाठ करायचा. मी सहा वर्षं केला नव्हता.

एवढं सगळं ऐकून वाटेल की हा गृहस्थ आता जुन्या दुधारी पात्याची आरती ओवाळणार. मी ओवाळली आहे. तीन वर्षं मी तोच वापरला, वडिलांचा पितळी, पिळून उघडायचा रेझर. पाच पात्यांच्या एका कार्ट्रिजच्या पैशात साध्या पात्यांची वर्षाची बेगमी होते. फटीत केस अडकत नाहीत. केसतोड गेले. आणि हातात वजनदार वस्तू धरून काहीतरी नीट केल्याचं समाधान मिळतं ते वेगळंच. पण तो चरा त्याच पितळी रेझरचा आहे.

कारण असं. दुधारी पातं कातडीला ठरावीक कोनात टेकवावं लागतं, साधारण तीस अंश, आणि तो कोन तुमच्या मनगटाने सांभाळायचा असतो. गाल समोर दिसतो, म्हणून जमतं. डोक्याची मागची बाजू दिसत नाही. दोन आरसे धरले तर रेझर कशात धरणार? आणि कवटी म्हणजे काही नारळ नव्हे. तिला उंचवटे आहेत, कानामागे खड्डे आहेत, मानेच्या सांध्यात एक घडी आहे. आंधळ्या हाताने तिथे कोन चुकणारच. रामकुंडावरच्या त्या नाभिकांना एक पातं पुरलं, कारण त्यांना माझं डोकं दिसत होतं. मला माझं दिसत नाही.

कार्ट्रिजचा रेझर इथे उपयोगी पडतो. त्याची मान हलते. कवटी जशी वळेल तशी ती वळते आणि कोन आपोआप राहतो. दोन-तीन पाती जवळजवळ असली की दाब वाटला जातो आणि मधली कातडी फुगून पात्यात येत नाही. म्हणजे डोक्यासाठी जास्त पात्यांचा रेझर घ्यावा का, या प्रश्नाला माझं उत्तर हो आहे, पण पैसे आपण त्या हलत्या मानेचे देतो. ती दोन-तीन पात्यांच्या साध्या रेझरलाही असते. चौथं आणि पाचवं पातं माझ्या डोक्यावर काय करत होतं ते मला कळलेलं नाही. रोज डोकं करणाऱ्याला, भरपूर पाणी असणाऱ्याला, सरळ केसांच्या माणसाला कदाचित कळत असेल.

"मशीन मारा ना," असं डॉक्टरही म्हणाले, बायकोही म्हणाली. गोळ्या चालू असलेल्यांना तोच शहाणपणाचा मार्ग आहे, आणि कुणी विचारलं तर मीही तेच सांगेन. पण माझ्यासारख्या नालेच्या आकाराच्या टकलावर मशीन मारलं की मधे चकचकीत खळं आणि कडेने काळपट खुंटांची रांगोळी दिसते. पुन्हा टक्कल दिसायला लागतं! चकोट डोक्याला टक्कल नसतं, ही त्यातली खरी मेख आहे. हृदयात स्टेंट असलेल्या त्रेपन्न वर्षांच्या माणसाला एवढी हौस कशाला, असं बायको म्हणते. मी उत्तर देत नाही, कारण नाही.

त्या रविवारनंतर मी गल्लीतल्या सलूनवाल्या काकांकडे गेलो. पस्तीस वर्षांचा हात. म्हटलं, आता तुम्हीच बघा, दर आठवड्याला येतो. त्यांनी खुर्ची फिरवली, पाणी मारलं, पातं मोडलं, आणि बोलताबोलता मी गोळ्यांचं सांगून बसलो. काकांनी अर्धं पातं परत कागदात गुंडाळलं. "मग वस्तरा नाही लावणार साहेब. मशीन मारतो." मी म्हटलं, काका, तुमचा हात कधी चुकत नाही. ते म्हणाले, "माझा नाही चुकत. तुम्ही शिंकलात तर?"

यावर काय बोलणार! माझ्या सगळ्या थिअरीत शिंक नव्हती.

सध्या चाललंय ते असं. आधी मशीनने खुंट उतरवायचे, मग गरम पाण्याचा टॉवेल पाच मिनिटं. (केस पोलादाच्या पन्नासपट मऊ, तरी पात्याची धार कशी जाते यावर एमआयटीतल्याच लोकांनी २०२० मध्ये संशोधन केलं. केस वाकतो आणि धारेच्या कच्च्या जागी नेमका ढलपा पाडतो. ओला केस तेवढा त्रास देत नाही.) मग तीन पात्यांचा रेझर, भोवऱ्याच्या नकाशाप्रमाणे, छोटेछोटे हात, दाब न देता. पुढचं आणि वरचं मी करतो. कानाच्या मागचं आणि मानेवरचं बायको करते. मोरीत प्लास्टिकचं स्टूल टाकून मी बसतो आणि ती कुरकुरत, चष्मा कपाळावरून नाकावर आणत, माझी मान पुढे दाबते. पहिल्या वेळी तिचा हात इतका थरथरत होता की मीच घाबरलो. आता ती मधेच फोनवर तिच्या बहिणीशी बोलते. तिसरा रविवार झाला, रक्त आलेलं नाही. शिंक येणार असली तर आधी हात वर करायचा, असं ठरलं आहे.

पाच पात्यांच्या पाकिटातली दोन कार्ट्रिज कपाटात तशीच पडून आहेत. एवढी महागाची वस्तू टाकवत नाही. चिरंजीवांना देऊ केली, तर त्यांनी दाढी वाढवली आहे.