लंकेचं वकीलपत्र

परदेश म्हणजे जिथे थंडी वाजते तो देश, अशी आमच्या सोसायटीची व्याख्या आहे. त्यामुळे लंडन हा परदेश, स्वित्झर्लंड हा परदेश, पण श्रीलंका? "ते कसलं हो फॉरेन? माणसं आपल्यासारखीच दिसतात की!" असं आमचे एक स्नेही म्हणतात. हे गृहस्थ आल्प्सच्या पायथ्याशी बसून घरून नेलेल्या दशम्या आणि लसणीची चटणी खाऊन आले. म्हणजे परक्या मुलखात त्यांनी आपलंच ताट शोधलं तर ते 'फॉरेन रिटर्न', आणि आपल्यासारख्या माणसांत मी वेगळेपण शोधलं तर मी गावंढळ! तेव्हा आज मी लंकेचं वकीलपत्र घेतलं आहे. फीची आशा नाही. लंकेत सोन्याच्या विटा असल्या तरी आपल्याला त्यांचा उपयोग काय, हे म्हणीनं आधीच सांगून ठेवलंय.

पहिला मुद्दा भाषेचा. सिंहली माणूस मोजायला लागला की एक, देक, तुन, हतर, पह असं ऐकू येतं. आपलेच अंक, समुद्र ओलांडताना थोडे भिजलेले! भाषा मराठीच्याच कुळातली. 'मी'ला 'मम' म्हणतात आणि आभार मानायचे तर 'स्तुतियि'. चहाचे पैसे देऊन वर चहावाल्याची स्तुती करायची सोय युरोपात कुठे आहे, दाखवा बघू.

दुसरा मुद्दा पोटाचा. सकाळी पुढ्यात इडिआप्प येतात. कोकणातल्या माणसानं "अगो बाई, शिरवाळ्या!" म्हणावं आणि नारळाच्या गोड रसाची वाट पाहावी, तर शेजारी येऊन बसतो पोळ सांबोळ : खोबरं, लाल मिरची, लिंबू. डोळ्यांतून पाणी, पण हात थांबत नाही. (शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं, त्यात बहुधा सुक्या माशाची पूड असते.) मग जीभ शांत करायला म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही आणि त्यावर भेर्ली माडाची काकवी. स्नेह्यांच्या दशम्यांना माझा नमस्कार.

तिसरा मुद्दा नोकरदारांनी उभं राहून ऐकावा. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. दर! त्या दिवशी दारूची दुकानं बंद आणि देवळं भरलेली. आपल्याकडे उत्सवात पोरांनी गाडी अडवली की हात आपोआप खिशाकडे जातो. तिकडे वैशाख पौर्णिमेला रस्त्यात माणसं हात करून गाड्या थांबवतात आणि आतल्यांना जेवायला घालतात. याला 'दन्सल' म्हणतात. भात असेल, सरबत असेल. कोण तुम्ही, कुठले, हा प्रश्न नाही. आपल्या वारीच्या वाटेवरही हे घडतं, मान्य आहे. पण परक्या देशात आपण फुकट जेवलो तर आठवण जास्त टिकते.

आणि सिगिरिया! पाचव्या शतकात कश्यप राजानं त्या प्रचंड खडकावर महाल बांधला. तिथल्या एका गुळगुळीत भिंतीवर पुढे कित्येक शतकं प्रवासी कविता कोरत राहिले; बऱ्याचशा वर चितारलेल्या सुंदरींना उद्देशून. परनविताना या पंडितांनी त्यांतल्या ६८५ कविता वाचून १९५६ साली ग्रंथ काढला. आपल्या गडांवर बदामात बाण कोरणाऱ्यांनी निदान वृत्त तरी सांभाळावं! (आता मात्र तिथं कोरायला मनाई आहे, खिळा घरीच ठेवा.)

"पण तिथं मारामाऱ्या किती झाल्या!" स्नेही शेवटचा बाण काढतात. झाल्या. वकील असलो तरी ते लपवणार नाही. लंका जाळल्याची गोष्ट आपण पोरांना हसत सांगतो. पण १९८१ साली जाफन्याचं ग्रंथालय जाळलं गेलं, त्यात सुमारे ९७,००० ग्रंथांची राख झाली. १९८३ ते २००९ यादवी युद्ध चाललं. मधेच २००४ साली त्सुनामी. २०२२ साली तिजोरी रिकामी झाली, पेट्रोलच्या रांगेत दिवस गेले आणि सोन्याची लंका खरोखरच लंकेची पार्वती झाली. पण ग्रंथालय पुन्हा बांधलं गेलं. युद्धानं तोडलेली रेल्वे २०१४ साली पुन्हा जाफन्यात पोचली. जखमा भरल्या असं मी म्हणणार नाही. मुलं गमावलेल्या आयांना ते विचारावं. पण एवढं सोसून जो देश वाटसरूला हात करून जेवायला बोलावतो, त्याला 'हे कसलं फॉरेन' म्हणणं हा कोतेपणा आहे.

देशावर प्रेम करायचं ते काय त्याच्या टापटिपीवर? टापटीप हॉटेलातही असते. शेजारी मात्र सणाला बोलावतो आणि आपण त्याच्या सुतकातही जातो. धनुष्कोडीपासून हा शेजारी जेमतेम तीस किलोमीटरवर आहे. त्याच्याकडे एकदा जाऊन या. स्वित्झर्लंडचा बर्फ थांबेल. आणि तोवर वितळलाच, तर त्याचं वकीलपत्र माझ्याकडे नाही.