दार उघडं, तिजोरी बंद

घरच्या जुन्या संगणकावर सुरुवातीलाच येणारी पासवर्डची पाटी काढून टाकावी का? आम्हा बाडहूव्हडॉर्पच्या देशी मंडळींत हा प्रश्न अधूनमधून निघतो. इथे सेकंडहँड वस्तू घ्यायची लाज कुणाला नाही. त्यातून १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे कितीतरी धडधाकट लॅपटॉप उगाच म्हातारे ठरले. लिनक्स टाकलं की ते निवांत चालतात. असाच एखादा भारतात आई-बाबांकडे जातो आणि मग फोन येतो, "अरे, हा परत पासवर्ड विचारतोय!"

माझं मत विचाराल तर, खुशाल काढा. पण आधी ती पाटी नेमकी कशाला आहे ते पाहू.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही प्रणाली उभी केली. संगणक एकच, वापरणारे अनेक, आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहायला हव्यात, म्हणून तिथे पासवर्ड आला. म्हणजे डोळ्यांसमोर होता तो शेजारी, दरोडेखोर नव्हे. आजही डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर चोर पेनड्राइव्हवरून दुसरी प्रणाली सुरू करून तुमच्या फायली आरामात वाचू शकतो. ती पाटी त्याला अडवत नाही. अडवते ती आजीला.

आणि आजी अडली की काय होतं? पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनलाच चिकटते. कुलपालाच किल्ली लटकवल्यासारखं! नाहीतर संगणकावर विणलेला रुमाल पडतो आणि तो दिवाणखान्याची शोभा होतो.

आपल्या शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नसण्याची ख्याती आहे. २०११ मध्ये युको बँकेने तिथे 'बिनकुलपाची' शाखा उघडली, तेव्हा मोठी बातमी झाली. पण त्या काचेच्या दाराला चटकन न दिसणारं विद्युतचुंबकीय कुलूप होतंच. श्रद्धेचा मान राखला, पैसाही राखला. घरच्या संगणकाचंही असंच असावं.

तेव्हा तीन गोष्टी करा. पहिली, जुना संगणक आणला की डिस्क पूर्ण पुसून प्रणाली नव्याने टाका. आधीच्या मालकाचं बिऱ्हाड आत ठेवू नका. दुसरी, दोन खाती करा. रोजचं खातं साधं, काही बदलायचा अधिकार नसलेलं, आपोआप उघडणारं. लिनक्स मिंटमध्ये लॉगिन खिडकीच्या सेटिंगमध्ये ही सोय आहे, विंडोजवर नेटप्लविझमध्ये. दुसरं खातं व्यवस्थापकाचं, पासवर्डसकट. तिसरी, उघड्या खात्यात ई-मेल आणि बँक चालू ठेवू नका. ई-मेल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. 'पासवर्ड विसरलात?' म्हटलं की बाकीच्या बऱ्याच किल्ल्या तिथेच येऊन पडतात.

हे सगळं घरात राहणाऱ्या संगणकापुरतं. प्रवासात नेता तो लॅपटॉप एन्क्रिप्टही करा आणि पासवर्डही ठेवा. घरात भाडेकरू किंवा पेइंग गेस्ट असतील तरीही पाटी राहू द्या, कारण ती मुळात अशाच घरासाठी निघाली.

'सुरक्षेत तडजोड नको' म्हणणारे इंजिनिअर मित्र यावर नाक मुरडतील. त्यांना मी आमची जमीन दाखवतो. हार्लेमरमेअर हे अख्खं तळं उपसून १८५२ मध्ये ती कोरडी केली. समुद्रसपाटीच्या खाली आहे, तरी उंबऱ्याउंबऱ्यावर वाळूची पोती रचून कुणी बसत नाही. पाणी अडवायचं ते बांधावर, आणि बांधाची देखभाल मात्र कधी चुकवायची नाही. आई-बाबांना लॅपटॉप पाठवणाऱ्याने तेवढा बांध आधी घालून द्यावा, मग घरातली दारं सताड उघडी ठेवायला हरकत नाही.