फाशाविना समुद्र

आपल्या मराठी शाळेतल्या मुलांना कान्होजी आंग्रे कळावेत असं आपल्याला मनापासून वाटत असेल, तर यंदा त्यांच्यावरची प्रश्नमंजूषा नको. मुलांपुढे 'बकनीअर' मांडावा. लीड्सच्या वॉडिंग्टन्स कंपनीने १९३८ साली काढलेला हा सागरी लुटालुटीचा खेळ. इथे ब्रिटनमध्ये वाढलेल्या अनेकांच्या लहानपणी तो घरोघरी होता. हल्ली तो चॅरिटी शॉपच्या फळीवर, कोपरे फाटलेल्या डब्यात सापडतो. मला तो असाच मिळाला, आणि आमच्या जेवणाच्या टेबलावरून तो अजून उठलेला नाही.

या खेळात फासा नाही. मध्यभागी खजिन्याचं बेट, कडेने बंदरं, आणि प्रत्येकाचं एकच जहाज. हातात पत्ते असतात, तेच तुमचे खलाशी. काही लाल, काही काळे, एक ते तीन किमतीचे. सगळ्यांची बेरीज म्हणजे जहाजाचा वेग. लढाईत मात्र लाल आणि काळे एकमेकांना खातात. उरलेली वजाबाकी हीच तुमची ताकद. त्यामुळे भरपूर माणसं घेऊन वेगाने पळणारं जहाज लढायला उभं राहिलं की पोकळ निघू शकतं, आणि एकाच रंगाचे मोजके खलाशी असलेलं मंद जहाज भल्याभल्यांना लुटू शकतं. समोरच्याने लांब पल्ला मारला की एवढंच कळतं, त्याच्याकडे माणसं बरीच आहेत. ती एकदिलाची आहेत की नाहीत हे भिडल्यावरच कळतं. मुलांना हे सांगावं लागत नाही. एकदा हातचे हिरे गेले की ती पुढच्या वेळी रंग बघूनच माणसं जमवतात.

जहाज सरळ रेषेतच जातं; दिशा बदलायची ती चाल संपल्यावर. म्हणजे पुढच्या वेळी कुठे जायचं हे आताच ठरवायला हवं. एका वेळी दोनच नग लादता येतात: हिरा, माणिक, सोन्याची वीट, मोती किंवा रमचं पिंप. हिरा-माणकाची किंमत पाच, पिंपाची दोन. आपल्या बंदरात वीस किमतीचा माल आणणारा जिंकतो. दुसऱ्याच्या बंदरात मात्र लुटायचं नसतं, व्यापार करायचा असतो: खलाशी देऊन माल घ्यायचा, माल देऊन खलाशी. जो मघाशी गिऱ्हाईक होता तोच दोन चालींनी आपल्या मागे लागतो.

आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत कुणी म्हणेल की चाचेगिरीचा इंग्रजी खेळ आपल्या मुलांना कशाला. माझं उत्तर असं की या खेळात चाचा आणि व्यापारी असे दोन पक्षच नाहीत. पटावरचा प्रत्येक जण दोन्ही आहे, आणि अठराव्या शतकातली कोकण किनारपट्टी अशीच होती. पोर्तुगीज आपला परवाना घेतल्याशिवाय जहाज जाऊ देत नसत. कान्होजी मराठी आरमाराचे सरखेल. त्यांनीही आपलं दस्तक घ्यायला लावलं, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चाचा ठरवलं. १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर अशा चढाया झाल्या, आणि एकही साधली नाही. या सनावळ्या मुलं परीक्षेपुरत्या पाठ करतील. पण प्रत्येकाला आपलं बंदर राखायचं आणि दुसऱ्याच्या मालावर डोळा ठेवायचा, ही ओढाताण त्यांनी स्वतः खेळून पाहिली की त्या सनांना अर्थ येईल.

आता खेळातला मोठा दोष. यात वारा नाही. जहाजाला शीड आहे, पण ते कुठेही, कधीही, त्याच वेगाने जातं. कोकणातला कुठलाही तांडेल हे मान्य करणार नाही. म्हणून माझं म्हणणं नुसतं हा खेळ खेळा असं नाही. आधी मूळ नियमांनी खेळा, मग मुलांना तो बदलायला द्या. सहा खेळाडूंना सहा बंदरं आपल्याकडे चोख बसतात: सुरत मोगलांची, मुंबई इंग्रजांची, जंजिरा सिद्दीचा, कुलाबा आंग्र्यांचा, गोवा पोर्तुगीजांचा, कोची डचांची. एका फेरीला मतलई वारा, जमिनीकडून समुद्राकडे. पुढच्या फेरीला खारा, समुद्राकडून जमिनीकडे. वाऱ्याच्या तोंडावर जाता येणार नाही. आणि पावसाळ्याचा एक पत्ता: तो निघाला की नारळी पौर्णिमेपर्यंत सगळी जहाजं बंदरात.

गलबताला मात्र वेगळा नियम हवा, कारण आंग्र्यांच्या आरमाराचं मर्म तिथे आहे. कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने वर्णन केलंय: गुराबं दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तोफा पुढच्या नाळेवरून मारा करणाऱ्या, गलबतं हलकी, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की गलबतं गुराबांना दोर लावून ओढत नेत आणि इंग्रजी जहाजाच्या पिछाडीला आणून उभी करत, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोचत नसत. वारा पडणं हे ज्याला संकट, त्याच्याच विरुद्ध ते हत्यार. पटावर वाऱ्याचा नियम आल्याशिवाय मुलांना ही युक्ती सुचणार नाही, आणि सुचली तर ती त्यांची स्वतःची असेल.

एक नियम मला जड जातो, तरी तो हवाच: दोघांनी मिळून तिसऱ्यावर चालून जाण्याचा. १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा पेशव्यांचं सैन्य जमिनीकडून इंग्रजांच्या बाजूने होतं, आणि कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचं आरमार तिथेच जळालं. आपण हा प्रसंग मुलांना बहुधा सांगतच नाही. सांगायला हवा. तह करून शेजाऱ्याला बुडवणारा खेळाडू पुढच्या फेऱ्यांत एकटा कसा पडतो, हे टेबलावर दिसू दे.

जुना डबा विकून मंडळाला देणगी मिळेल, अशीही सूचना आली आहे. मी तिच्या विरुद्ध आहे. संग्राहकाच्या कपाटात गेलेला खेळ पुन्हा कुणी उघडत नाही. माझ्या डब्यात दोन मोती आणि एक जहाज कमी आहे; मोत्यांच्या जागी पोतीतले मणी चालतील, जहाज मुलं पुठ्ठ्याचं करतील. कुणाच्या माळ्यावर दुसरा डबा पडला असेल तर तो मंडळाकडे आणून द्यावा. बारा मुलांना एका वेळी खेळायला दोन पट लागतील.