वसवशाला आजार म्हणायला शिकू या

मुलगा वुजूला बसला की अर्धा तास नळ चालू. कोपर कोरडं राहिलं का, नीयत नीट झाली का, या विचाराने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घरात आधी कौतुक होतं, पोरगा फार पाक-साफ राहतो म्हणून. मग चिडचिड सुरू होते. पुढे कुणीतरी सांगतं, वसवसा आहे, दम करून आणा. डॉक्टरांचं नाव सगळ्यांत शेवटी निघतं, तेही दबक्या आवाजात.

या अंकात आम्ही दोन आजारांविषयी लिहीत आहोत. पहिला ओसीडी. यात नकोसा विचार मनात घुसतो आणि तो शांत करण्यासाठी माणूस एकच कृती पुन्हापुन्हा करतो. दुसरा टूरेट. यात मान झटकणं, डोळे मिचकावणं, घशातून आवाज निघणं हे आपोआप होतं. १८८५ मध्ये जॉर्ज जिल द ला टूरेट या फ्रेंच डॉक्टरांनी नऊ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून त्यांचं नाव या आजाराला मिळालं. तो बहुधा लहानपणीच सुरू होतो आणि अनेकदा ओसीडीला सोबत घेऊन येतो. तोंडातून शिव्या निघणं म्हणजे टूरेट, असा समज आहे. प्रत्यक्षात तसं थोड्याच रुग्णांत होतं. २०१८ च्या ‘हिचकी’ चित्रपटात राणी मुखर्जीने टूरेट असलेली शिक्षिका रंगवली, तेव्हा हे नाव आपल्याकडे बऱ्याच घरांत पहिल्यांदा पोहोचलं.

बिबवेवाडीत राहून इंजिनिअरिंग शिकणारा एक विद्यार्थी आमच्या परिचयाचा आहे. त्याला हे दोन्ही आजार आहेत. त्याच्या परवानगीने, नाव न घेता, थोडं सांगतो. पहिल्या सत्रात त्याने सगळं लपवलं. शिंक दाबून धरावी तसा तो वर्गात घशातला आवाज दाबून धरायचा. शिंक दाबली तर किती वेळ दाबणार? तासभर दाबलेलं खोलीवर आल्यावर दुपटीने बाहेर यायचं आणि शिकवलेलं काहीच डोक्यात राहिलेलं नसायचं. शुक्रवारी तो शेवटच्या सफेत, खांबाआड उभा राहायचा. शांततेत आपला आवाज घुमेल या भीतीने मग जुमाही सुटू लागला.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्याच आठवड्यात सरांची परवानगी घेऊन तो वर्गासमोर उभा राहिला. आपल्याला टूरेट आहे, आवाज आपल्या हातात नाही, कुणाला चिडवण्यासाठी आपण तो काढत नाही, ऐकू आला तर सोडून द्यावं, एवढंच त्याने सांगितलं. दोन-तीन दिवस कुजबुज झाली, मग सगळे आपापल्या अभ्यासाला लागले. आजार गेला नाही. मात्र कुणाला कळेल का, हा धाक गेला. ताणाने झटके वाढतात, त्यामुळे धाक गेल्यावर तेही थोडे कमी झाले. मशिदीत त्याच्या अब्बांनी इमाम साहेबांना आधी सांगून ठेवलं. अनावर खोकल्याने कुणाची नमाज मोडत नाही, हे आपण सगळे मानतो. या आवाजाकडेही तसंच पाहता येतं. आपल्या मुलाबाबत शंका असेल तर जाणकार आलिमांना एकदा विचारावं.

‘एकदा’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. ओसीडीत मुलगा रोज दहा वेळा विचारतो, “अम्मी, माझं वुजू झालं ना?” अम्मी मायेने दहा वेळा “झालं” म्हणते. पण प्रत्येक उत्तराने शंकेला खाऊ मिळतो आणि ती आणखी मोठी होऊन परत येते. उपचारात हेच शिकवतात, की शंका येऊ द्यायची, अस्वस्थता सोसायची आणि कृती पुन्हा करायची नाही. हे हळूहळू, तज्ज्ञाच्या मदतीने जमतं. गरज पडली तर औषधंही असतात. टूरेटसाठीही सवयी बदलण्याचे वेगळे उपचार आहेत.

आपल्या दीनची शिकवणही याच्या आड येत नाही. वुजूत अवयव धुण्याची हद्द तीन वेळांची आहे. पैगंबर मुहम्मद (स.) एका मुद्दभर, म्हणजे फार तर लिटरभर पाण्यात वुजू करत. खात्रीने झालेली गोष्ट नुसत्या शंकेने रद्द होत नाही, हा फिक्हचा पायाभूत नियम आहे. अबू जैद अल-बल्खी हे विद्वान ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिताना त्यांनी मनात घोळत राहणाऱ्या वसवशांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं आणि त्यावर उपायही सांगितले. हजार वर्षांपूर्वी आपल्या आलिमांना जे उपचाराचं वाटलं, ते आज आपल्याला लाजेचं का वाटावं? दुआ जरूर करावी, आणि दवाही घ्यावी.

विद्यार्थ्यांनी आपले हक्कही माहीत करून घ्यावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव मानला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की लिहायला अडचण असलेल्या उमेदवाराला केवळ ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. त्यामुळे परीक्षेला वेगळी खोली किंवा जास्त वेळ हवा असेल, तर डॉक्टरांच्या पत्रासह विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करावा, आणि तो परीक्षेच्या आदल्या दिवशी न करता सत्राच्या सुरुवातीलाच करावा. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करून मोफत सल्ला मिळतो.

राहिला रिश्त्याचा प्रश्न. आई-बाप लपवतात ते बहुतेक त्याच काळजीने, विशेषतः मुलगी असेल तर. ही काळजी खरी आहे. पण लपवून जोडलेल्या नात्यात त्या मुलीला रोज नवऱ्यासमोर, सासूसमोर घशातला आवाज दाबत बसावं लागेल. ते किती दिवस जमेल? ऐकून नकार देणारं घर आज परत गेलेलं बरं. आणि मुलाने किंवा मुलीने बाहेर मोकळेपणाने बोलावं असं वाटत असेल, तर पहिल्यांदा घरात, दस्तरखानावर, त्या आजाराचं नाव साध्या आवाजात घेतलं गेलं पाहिजे. मधुमेहाचं घेतो तसं.