जाताना की येताना?

दिवाळीच्या फराळाला चार पुरुष एकत्र बसले, की चकलीच्या खुसखुशीतपणावरून सुरू झालेले बोलणे मोटारीवर केव्हा येऊन ठेपते, ते कळत नाही. मग दोन प्रश्न ठरलेले. 'तुमची किती पळते?' आणि 'पिकअप कसा आहे?' पहिला कमाल वेगाचा, दुसरा तो वेग किती लवकर येतो याचा. या दुसऱ्या गोष्टीला पाठ्यपुस्तकात 'त्वरण' म्हणतात. पण मराठीचा प्राध्यापक असूनही मला कबूल केले पाहिजे, की मोटारीचे त्वरण विचारणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे. तेव्हा आपण आपले 'पिकअप'च म्हणू.

आमच्या घरी हा वाद 1993 सालच्या दिवाळीत ऐन भरात होता. बाबांची पद्मिनी होती आणि मामाने नवी मारुती 800 घेतली होती. पद्मिनी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, मूळच्या फियाटची लेक; 1089 सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, 40 च्या आसपास अश्वशक्ती आणि वजन सुमारे 900 किलो. मारुती 1983 च्या डिसेंबरात बाजारात आलेली. 796 सीसी, तीनच सिलिंडर, अश्वशक्ती 37 च्या घरात, पण वजन जेमतेम 650 किलो. बाबा म्हणत, 'चारापुढे तीन काय टिकणार?' मामा म्हणे, 'भावोजी, तुमची पट्टराणी आहे, पण तिला उठायला वेळ लागतो!'

अखेर दोघांनी मिळून धाकटी डहाणू गाठायची ठरले. तिथे समुद्रकाठी बाबांचे एक स्नेही राहत. मी तेव्हा बारा वर्षांचा. पद्मिनीत बाबा, आई, आजी, मी आणि धाकटी बहीण. मारुतीत मामा-मामी दोघेच. पहाटे मुंबई सोडली आणि शर्यत सुरू झाली. महामार्ग त्या बाजूला तेव्हा दुपदरी होता. पुढे ट्रक आला, की मामा टुणकन पलीकडे जाई आणि बाबा स्टिअरिंगशेजारच्या गिअरच्या दांड्याशी झटापट करीत मागे राहत. चारोटी नाक्यावर आम्ही डावीकडे वळलो, तेव्हा मामा चहा पिऊन आमची वाट पाहत उभा होता.

धाकटी डहाणूत बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि बोटी किनाऱ्याला लागलेल्या होत्या. स्नेह्यांचे वृद्ध वडील जन्मभर तांडेल होते. मामाचे मोटारपुराण त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग माझ्या बहिणीने विचारले, 'आजोबा, यातली कुठली बोट जास्त पळते?' म्हाताऱ्याने उलट विचारले, 'जाताना की येताना?' आम्ही हसलो. रिकामी बोट आणि मासळीने भरलेली बोट या दोन निराळ्या बोटी असतात, एवढेच त्यांना सांगायचे होते. ते आम्हाला त्याच संध्याकाळी कळले.

परतताना आम्हा मुलांना नव्या गाडीत बसायचे होते. आजीही आमच्याबरोबर आली. डिकीत चिकूंची पेटी आणि सुक्या बोंबलांचे गाठोडे. पद्मिनीत आता आई-बाबा दोघेच. महामार्गावर एका ट्रकमागे मामा सकाळच्याच ऐटीत बाहेर निघाला. समोरून एक बस येत होती, पण दूर होती. मामाने पाय दाबला. गाडी घुरघुरली, पण सकाळसारखी उसळली नाही. ट्रकचे मागचे चाक माझ्या खिडकीशी आले आणि तिथेच राहिले. बसचे दिवे मोठे होत गेले. मामीने किंकाळी फोडली. त्या ट्रकवाल्याने ब्रेक मारला, म्हणून आम्ही त्याच्यापुढे कसेबसे शिरलो आणि बस शेजारून गेली. मामाने गाडी कडेला घेतली. मागून बाबा आले. ते काहीच बोलले नाहीत. नुसते आजीजवळ जाऊन उभे राहिले.

दोष मारुतीचा नव्हता, हिशेबाचा होता. पुढे मोठा झाल्यावर मी तो कागदावर मांडला. पिकअप ठरतो तो मुख्यतः एका अश्वशक्तीवर किती ओझे पडते, यावर. सकाळी दोन माणसांसह मारुतीला टनामागे सुमारे 47 अश्वशक्ती मिळत होती आणि पाच जणांच्या पद्मिनीला 33. संध्याकाळी ओझी बदलली आणि दोघीही 39 वर आल्या! हलक्या गाडीला ओझे अधिक जाणवते. 900 किलोंत 300 पडले, तर वजन तिसऱ्या हिश्श्याने वाढते. 650 त तेच 300 पडले, तर जवळजवळ निम्म्याने.

आणि कमाल वेग? त्यात दोघींत फारसे अंतर नव्हते. ताशी सव्वाशेच्या अलीकडे-पलीकडे. कारण सपाट रस्त्यावर त्या टोकाला गाडी अडते ती वजनाने नव्हे, वाऱ्याने. वेग दुप्पट करायचा, तर वाऱ्याशी झुंजायला आठपट शक्ती लागते. नाव मारुती असले, तरी वायुपुत्राला तिथे पित्यापुढे नमावेच लागते. पण सव्वाशेचा वेग आपल्याला लागतो कधी? लागतो तो पिकअप, आणि तोही ट्रक ओलांडताना. ट्रक ताशी 50 ने चालला आहे आणि आपण 80 ने गेलो, तर त्याला सुरक्षित मागे टाकायला साडेतीन-चार सेकंद पुरतात. गाडी 65 च्या वर जाईना, तर सात सेकंद लागतात. तेवढ्यात आपण 130 मीटर जातो आणि समोरून 60 ने येणारी बस 120 मीटर जवळ येते. म्हणजे अडीचशे मीटर रस्ता मोकळा हवा. मामाने हिशेब केला होता तो सकाळच्या गाडीचा.

त्या दोन्ही गाड्या आता इतिहासजमा झाल्या. मारुती 800 चे उत्पादन 2014 त थांबले. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आजच्या गाड्या कितीतरी चपळ आहेत. पण जाहिरातीतल्या आकड्यांत आजी नसते, मुले नसतात आणि चिकूंची पेटीही नसते. आपल्या गाडीत मात्र ती असतातच. त्यांच्यासाठीच तर आपण गाडी घेतो. आणि आपापल्या गावाकडे वळणारे कितीतरी रस्ते अजून दुपदरीच आहेत.

मामा आता सत्तरीला आला. परवा भाऊबीजेच्या बेताबद्दल त्याचा फोन आला, तेव्हा मी नव्या गाडीच्या पिकअपची फुशारकी मारू लागलो. पलीकडून एवढेच विचारले गेले, 'जाताना की येताना?'