हिमस्खलनात थंडीआधी श्वास संपतो

२८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे उत्तराखंडातील माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमकडा कोसळला. ५४ जण सापडले, ४६ वाचले, आठ दगावले. एवढे वाचण्याचे मोठे कारण म्हणजे बरेच जण लोखंडी कंटेनरमध्ये होते. बाहेर बर्फ, पण आत हवा. चंडीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेने आदल्या संध्याकाळीच चमोलीसह काही जिल्ह्यांत २,४०० मीटरच्या वर हिमस्खलनाचा इशारा दिला होता. इशारा आल्यावर छावणी हलवायची का, हे कोणी आणि किती तासांत ठरवायचे, खरा प्रश्न तो आहे.

बर्फात गाडला गेलेला माणूस गारठून मरतो, असा आपला समज. प्रत्यक्षात बहुतेक जण गुदमरून जातात. काही जण खडक-झाडांवर आपटून. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट बसतो, हातसुद्धा हलत नाही. श्वासातल्या वाफेने तोंडापुढे बर्फाचा पापुद्रा धरतो आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड परत आत जातो. स्वित्झर्लंडमधील नोंदींवरून १९९४ साली मांडलेला हिशेब असा: १५ मिनिटांपर्यंत जगण्याची शक्यता ९२ टक्के, ३५ मिनिटांनी ३० टक्के. २०२४ च्या नव्या विश्लेषणात ती सुरक्षित मुदत १० मिनिटांवरच आली आहे. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही. वाचवणार तो सोबतीच.

आता बर्फाविषयी. हंगामाच्या सुरुवातीला पातळ थर पडतो, मग निरभ्र, कडाक्याच्या रात्री येतात. जमीन त्यामानाने उबदार, वरचा पृष्ठभाग गोठलेला. या फरकाने खालच्या बर्फाचे कण साखरेसारखे रवाळ होतात आणि एकमेकांना धरत नाहीत. त्यावर दोन-तीन फूट ताजा बर्फ पडला, की एका माणसाच्या वजनानेही अख्खी लादी सुटते. साधारण ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. मोठ्या हिमवृष्टीनंतर ऊन पडले, की फोटो काढायला हुरूप येतो; नेमका तोच काळ वाईट!

पुण्या-मुंबईहून हिवाळ्यात हिमालयात जाणारे वाढले आहेत. निघण्यापूर्वी ते माझ्याकडे विरळ हवेच्या गोळ्या मागतात. जरूर घ्याव्यात. पण आयोजकाला विचारावे: वाट तीव्र उताराखालून जाते का? रोजचे हिमस्खलन-पत्रक कोण वाचतो, आणि ते पाहून बेत रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का? तसे उतार ओलांडायचे असतील, तर प्रत्येकाकडे शोध-ट्रान्सीव्हर, लांब सळई आणि फावडे हवे, आणि वापरण्याचा सराव हवा. उतार एकेकट्याने ओलांडावा, बाकीच्यांनी नजर ठेवावी.

कोणी सापडल्यास आधी तोंड-नाक मोकळे करा. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्या. इथे नुसती छाती दाबून भागत नाही. तासाभराहून अधिक गाडलेला, श्वासमार्ग मोकळा असलेला माणूस थंडगार लागला तरी मृत समजू नका, हळुवार हलवा आणि रुग्णालयात आणा.